ती भिंत बाप्टिस्टांनीच मागितली होती

सप्टेंबर २०२५ चा पहिला आठवडा. आमच्याकडे दहा दिवसांचा गणपती असतो. मी देव मानत नाही, बायको मानते. मखर मात्र दरवर्षी मीच करतो. डॅलसच्या उपनगरातलं घर, हॉलच्या कोपऱ्यात मूर्ती, दुर्वा मिळत नाहीत म्हणून लॉनमधलंच कोवळं गवत निवडून वाहिलेलं. मुलगी शाळेतून आली, दप्तर टाकलं, मोदक उचलला आणि म्हणाली, “बाबा, ‘ग्रेव्हन इमेज’ म्हणजे काय?”

म्हटलं, कोरून, घडवून केलेली मूर्ती. तिने वळून गणपतीकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, “म्हणजे आपलं हे चालत नाही?”

तिच्या वर्गात नवा तक्ता लागला होता. बायबलमधल्या दहा आज्ञा. टेक्सासच्या नव्या कायद्याप्रमाणे तो सरकारी शाळेच्या प्रत्येक वर्गात हवा: किमान सोळा इंच रुंद, वीस इंच उंच, आणि खोलीत कुठेही बसलेल्या मुलाला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात. सुरुवातच अशी की, मी तुझा परमेश्वर, माझ्याखेरीज तुला दुसरे देव नसावेत. लगेच पुढे, कोरीव मूर्ती करू नकोस.

मी साताऱ्याचा. वडील मास्तर, घरात फुले-आगरकरांचं वाचन, त्यामुळे नास्तिकपणा मला बंड करून मिळवावा लागला नाही. अमेरिकेत आलो तेव्हा मनात एक गोष्ट पक्की होती की, या देशाने सरकार आणि धर्म यांच्यामध्ये भिंत बांधली आहे. आपल्याकडे सरकार सगळ्या धर्मांना सारखं जवळ करायचं म्हणतं. इथे सगळ्यांपासून सारखं लांब राहायचं असं ठरलंय, आणि माझ्यासारख्याला तेच बरं. वीस वर्षांत तो भ्रम हळूहळू उतरला. भिंत होती हे खरं आहे. पण ती कोणी मागितली आणि कोण पाडतंय, हे कळल्यावर मला जास्त वाईट वाटलं. ते नीट सांगायचा हा प्रयत्न.

आधी कागदावर काय आहे ते बघू. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या मजकुरात देव नाही. अगदी शेवटी तारीख घालताना त्या काळच्या रीतीप्रमाणे ‘प्रभूचे वर्ष’ असं लिहिलंय, तेवढंच. उलट सहाव्या कलमात स्पष्ट म्हटलंय की, कुठल्याही सरकारी पदासाठी धर्माची अट कधीही घालता येणार नाही. १७९१ साली पहिली घटनादुरुस्ती आली. तिच्यात धर्माबद्दल दोन गोष्टी आहेत: काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कुठल्याही धर्माला राजधर्माचं स्थान देणारा कायदा करायचा नाही, आणि कुणाला आपला धर्म पाळण्यापासून अडवायचंही नाही. १७९७ मध्ये त्रिपोलीशी जो तह झाला त्यात तर सरळ लिहिलंय की, अमेरिकेचं सरकार कोणत्याही अर्थाने ख्रिस्ती धर्माच्या पायावर उभं नाही. सिनेटमध्ये तो तह एकमताने मंजूर झाला आणि राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांनी त्यावर सही केली.

‘भिंत’ हा शब्द मात्र घटनेत नाही. तो एका पत्रातला आहे, आणि त्या पत्रामागची हकिकत मला फार मोलाची वाटते.

कनेटिकट राज्यात तेव्हा काँग्रिगेशनल पंथाचं सरकारमान्य चर्च होतं. त्याच्यासाठी लोकांकडून कर घेत. गावच्या देवळाची पट्टी सरकारने वसूल करावी, तसंच. बाप्टिस्ट हा तिथला अल्पसंख्य प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ. लहान बाळाला दिलेला बाप्तिस्मा खरा नव्हे, माणसाने कळत्या वयात, स्वतःच्या मनाने श्रद्धा स्वीकारली पाहिजे, ही त्यांची मूळ धारणा. साहजिकच सक्तीच्या धर्माची त्यांना चीड. त्या करातून सुटायचं तर ‘हा आमच्यातला आहे’ असा दाखला काढून दाखल करावा लागे. दाखल्यासाठी हेलपाटे मारलेल्या मराठी माणसाला त्यातली बोच सांगायला नको. डॅनबरी गावच्या आणि आसपासच्या बाप्टिस्टांनी ऑक्टोबर १८०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांना पत्र पाठवलं. त्यातलं गाऱ्हाणं असं की, आम्हाला जी धार्मिक मोकळीक मिळते ती हक्क म्हणून नाही, मेहेरबानी म्हणून मिळते.

जेफरसन यांनी १ जानेवारी १८०२ ला उत्तर दिलं. धर्म ही माणूस आणि त्याचा देव यांच्यातली बाब आहे, आणि घटनादुरुस्तीने चर्च आणि सरकार यांच्यात ‘विभक्ततेची भिंत’ उभी केली आहे, असं त्यात म्हटलं. योगायोग बघा. त्याच दिवशी मॅसॅच्युसेट्समधल्या चेशर गावातून जॉन लेलँड नावाचा बाप्टिस्ट धर्मोपदेशक एक भेट घेऊन राष्ट्राध्यक्षांच्या दारात पोचला: १,२३५ पौंडांचं, म्हणजे साडेपाचशे किलोहून जड, चीजचं एक अखंड चाक. गावातल्या शेतकऱ्यांनी आपापल्या गायींचं दूध घालून ते केलं होतं. धर्मस्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या माणसाला गावाने दिलेला तो मान. याच लेलँडने १७९१ साली लिहिलं होतं की, माणसांच्या धार्मिक मतांशी सरकारचा संबंध गणिताच्या सिद्धांतांशी असतो त्याहून जास्त नाही.

गाडीवर लादलेलं ते चीज मला डोळ्यांपुढे दिसतं. भिंत नास्तिकांनी मागितलेली नव्हती. ती भाविकांनी मागितली, आपली श्रद्धा सरकारच्या हातात पडून नासू नये म्हणून. त्याआधीही, १६४४ मध्ये, रॉजर विल्यम्स या धर्मोपदेशकांनी चर्चच्या बागेत आणि जगाच्या रानात कुंपण हवं असं लिहिलं होतं. अमेरिकेतलं पहिलं बाप्टिस्ट चर्च त्यांनीच वसवलेल्या प्रॉव्हिडन्स गावातलं.

एक तांत्रिक गोष्ट इथेच सांगतो, ती न कळल्याने पुष्कळ घोटाळा होतो. पहिली घटनादुरुस्ती ‘काँग्रेस’ म्हणते, म्हणजे फक्त केंद्र सरकारला बांधते. राज्यं मोकळी होती. मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारमान्य चर्च १८३३ पर्यंत चाललं. यादवी युद्धानंतर, १८६८ मध्ये आलेल्या चौदाव्या घटनादुरुस्तीने नागरिकांचे हक्क राज्यांवरही बंधनकारक करायची वाट उघडली, आणि १९४७ च्या एव्हरसन खटल्यात सुप्रीम कोर्टाने जेफरसन यांची ती भिंत राज्यांनाही लागू केली. म्हणजे सरकारी शाळेच्या दारापर्यंत भिंत पोचून अजून ऐंशी वर्षंही झालेली नाहीत. १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या शाळांतली अवघ्या बावीस शब्दांची सरकारी प्रार्थना कोर्टाने घटनाबाह्य ठरवली, पुढच्या वर्षी शाळेतलं सक्तीचं बायबलवाचन. केंटकी राज्याने वर्गावर्गात दहा आज्ञा लावल्या होत्या, त्याही कोर्टाने १९८० मध्ये उतरवायला लावल्या. माझ्या मुलीच्या वर्गातला तक्ता म्हणजे हेच प्रकरण, कायद्याने एकदा मिटलेलं.

मग ते उकरून निघालं कसं?

दोन टप्पे आहेत. पहिला १९५० च्या दशकातला. समोर सोव्हिएत रशिया, ‘देव न मानणारे कम्युनिस्ट’. आपण त्यांच्यासारखे नाही हे दाखवण्याचा सोपा मार्ग म्हणजे देवाचं नाव घेणं. शाळेत रोज सकाळी झेंड्यासमोर म्हणतात ती प्रतिज्ञा १८९२ मध्ये फ्रान्सिस बेलमी यांनी लिहिली. ते स्वतः बाप्टिस्ट धर्मोपदेशक, तरी त्यांच्या प्रतिज्ञेत देव नव्हता. ‘देवाच्या छायेत एक राष्ट्र’ अशा अर्थाचे शब्द १९५४ मध्ये घातले गेले. ‘आमचा देवावर विश्वास आहे’ हे १९५६ मध्ये राष्ट्राचं ब्रीदवाक्य झालं आणि १९५७ पासून कागदी नोटांवर आलं. नाण्यांवर ते यादवी युद्धापासून होतं. टेक्सासची मुलं तर झेंड्याच्या दोन प्रतिज्ञा म्हणतात, देशाची आणि राज्याची. राज्याच्या प्रतिज्ञेत देव आला २००७ मध्ये. माझी मुलगी त्या दोन्ही घडाघडा म्हणते, आणि तिला वाटतं हे सगळं वॉशिंग्टनच्या काळापासूनचं आहे.

दुसरा टप्पा जास्त महत्त्वाचा, आणि माझा खरा भ्रमनिरास तिथला.

अमेरिकेत ‘इव्हँजेलिकल’ म्हणतात ते कोण? बायबल हाच अंतिम शब्द मानणारे, येशूला स्वतःच्या मनाने स्वीकारून ‘पुनर्जन्म’ झाला असं सांगणारे, आणि तो संदेश इतरांपर्यंत नेणं कर्तव्य समजणारे प्रोटेस्टंट. दक्षिणेत त्यांच्यात बाप्टिस्टांचा भरणा मोठा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत यातले बरेच जण राजकारणाला मळ समजून लांब राहत. मार्च १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग काळ्यांच्या मतदानहक्कासाठी सेल्माच्या मोर्चात चालत होते, तेव्हा व्हर्जिनियातल्या लिंचबर्गचे बाप्टिस्ट धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांनी प्रवचनात सांगितलं की, धर्मोपदेशकाचं काम राजकारण नव्हे, आत्मे जिंकणं आहे. चौदा वर्षांनी, १९७९ मध्ये, याच फॉलवेल यांनी ‘मॉरल मेजॉरिटी’ ही राजकीय संघटना काढली.

मधल्या काळात काय झालं? बहुतेक लोक उत्तर देतात, गर्भपात. देशभर गर्भपाताचा हक्क देणाऱ्या १९७३ च्या रो विरुद्ध वेड निकालाने धार्मिक मंडळी खवळली आणि राजकारणात उतरली. मीही हेच धरून चाललो होतो. पण तारखा जुळत नाहीत. सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन ही देशातली सर्वांत मोठी प्रोटेस्टंट संघटना. तिने १९७१ मध्ये ठराव केला होता की, बलात्कार, गर्भातलं गंभीर व्यंग, आईच्या शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला धोका अशा प्रसंगी गर्भपाताला परवानगी देणारे कायदे व्हावेत.

ठिणगी पडली ती शाळांवरून, आणि करावरून. १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टाने काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्यावर दक्षिणेत गोऱ्यांच्या खासगी ख्रिस्ती शाळा भराभर निघाल्या. धर्मादाय संस्था म्हणून त्यांना करमाफी होती. १९७१ मध्ये कोर्टाने ठरवलं की, वंशभेद करणाऱ्या शाळेला करमाफी नाही. बॉब जोन्स या ख्रिस्ती विद्यापीठाची करमाफी १९७६ मध्ये गेली. काळ्या आणि गोऱ्या विद्यार्थ्यांनी प्रेमसंबंध ठेवायचे नाहीत असा तिथे नियम होता, आणि तो २००० सालापर्यंत टिकला. या नव्या धार्मिक उजव्या चळवळीची बांधणी करणारे पॉल वेरिच यांनी पुढे स्वतःच सांगितलं की, धर्मोपदेशक पेटून उठले ते या करमाफीच्या भांडणाने. गर्भपात हा झेंडा दशकाच्या शेवटी हातात आला. हेच एकमेव कारण होतं असं सगळे इतिहासकार मानत नाहीत. पण तारखा पाहिल्यावर, ‘अजात बाळासाठी आम्ही उठलो’ ही कथा मला पूर्वीसारखी ऐकवत नाही.

भिंतीबद्दलचं मत कसं फिरलं, त्याचं उदाहरण डॅलसमधलंच आहे. शहराच्या मध्यभागी फर्स्ट बाप्टिस्ट चर्च आहे, त्याच्या समोरून मी कित्येकदा गेलोय. डब्ल्यू. ए. क्रिसवेल हे तिथले अनेक दशकं प्रमुख. १९६० मध्ये जॉन केनेडी निवडणुकीला उभे होते, कॅथलिक. पोपचं राज्य येईल या भीतीने क्रिसवेल यांनी प्रवचन दिलं: चर्च आणि सरकार कायमचे वेगळे असले पाहिजेत, असं घटनाच सांगते. केनेडी यांना ह्यूस्टनला जाऊन धर्मोपदेशकांच्या सभेसमोर ग्वाही द्यावी लागली की, ज्या अमेरिकेत ही विभक्तता पूर्ण आहे तिच्यावरच माझा विश्वास आहे. १९८४ मध्ये त्याच क्रिसवेल यांनी टीव्हीवर सांगितलं की, चर्च-सरकार विभक्तता ही कुणा काफराच्या डोक्यातून निघालेली कल्पना आहे. तोवर त्यांची माणसं सत्तेजवळ पोचली होती.

आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये लोकप्रतिनिधीगृहाचे सभापती माइक जॉन्सन, तेही सदर्न बाप्टिस्ट, म्हणाले की ‘विभक्तता’ हा शब्दच चुकीचा आहे, लोकांचा गैरसमज होतो. डॅनबरीचे बाप्टिस्ट काय म्हणाले असते, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही.

या ताकदीचं यंत्र समजायला कठीण नाही. अमेरिकेत उमेदवार पक्षांतर्गत निवडणुकीत ठरतो आणि तिथे मतदान कमी होतं. दर रविवारी एकत्र जमणारे, एकमेकांना ओळखणारे हजारभर लोक तिथे निकाल फिरवू शकतात. गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी दहातले सुमारे आठ जण २०१६, २०२० आणि २०२४ अशा तिन्ही वेळा ट्रम्प यांच्या मागे गेले. त्यांना हवे होते न्यायाधीश, आणि ते मिळाले: पहिल्या कारकिर्दीत सुप्रीम कोर्टावर तीन नेमणुका, तहहयात.

२०२२ मध्ये त्याचं फळ आलं. २४ जूनला रोचा निकाल रद्द झाला. टेक्सासमध्ये गर्भपात जवळजवळ पूर्ण बंद आहे, बलात्कारालाही अपवाद नाही, आणि डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. आमच्या ओळखीतली एक मराठी स्त्रीरोगतज्ज्ञ सांगते, गर्भ वाचणार नाही हे दिसत असतं, बाई समोर रडत असते, आणि हॉस्पिटल आधी वकिलाला फोन लावतं. पंधरा वर्षं प्रॅक्टिस केलेली बाई ती. हे सांगताना तिचा आवाज बसतो.

दुसरा निकाल त्यानंतर तीनच दिवसांनी आला, त्याची चर्चा कमी झाली. वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टनच्या सरकारी शाळेचा फुटबॉल प्रशिक्षक सामना संपल्यावर मैदानाच्या मधोमध गुडघे टेकून प्रार्थना करायचा. शाळेने अडवलं, तो कोर्टात गेला आणि जिंकला, ६ विरुद्ध ३. त्याच्या विजयापेक्षा मोठी गोष्ट अशी की, कोर्टाने जुनी कसोटी टाकून दिली. १९७१ पासून कोर्ट साधारण तीन गोष्टी तपासायचं: कायद्याचा हेतू ऐहिक आहे का, त्याने धर्माला चालना किंवा अडथळा मिळतो का, सरकार धर्मात फार गुंतत नाही ना. आता तपासायचं ते इतिहास आणि परंपरा. ऐकायला साधं वाटतं. पण परंपरा कुठली? शीतयुद्धात नोटांवर आलेलं ब्रीदवाक्य, प्रतिज्ञेत घुसवलेले शब्द, आता सत्तर वर्षांचे झाले. तेच पुरावा म्हणून पुढे येतात. आधी पायंडा पाडायचा आणि पुढच्या पिढीने त्याला परंपरा म्हणायचं. लुइझियानाने २०२४ मध्ये आणि टेक्सासने २०२५ मध्ये दहा आज्ञांचे कायदे केले ते याच बळावर. दोन्ही कोर्टात गेले, आमच्या राज्यात काही शाळांना तक्ते लावायला मनाई झाली, काहींत ते लागले.

माझ्यासारख्यांचं यात काय स्थान? टेक्सासच्या राज्यघटनेत आजही लिहिलंय की, सरकारी पदासाठी धर्माची अट नाही, मात्र त्या माणसाने परमशक्तीचं अस्तित्व मान्य केलं पाहिजे. हे कलम आता लागू करता येत नाही, कारण १९६१ मध्ये मेरिलँडच्या रॉय टॉरकासो यांनी नोटरी होण्यासाठी देवाची कबुली द्यायला नकार दिला आणि सुप्रीम कोर्ट एकमताने त्यांच्या बाजूने उभं राहिलं. पण ते पुसलेलंही नाही. प्यू या सर्वेक्षण संस्थेच्या २०२३-२४ च्या मोठ्या पाहणीत २९ टक्के अमेरिकन प्रौढ स्वतःला कुठल्याच धर्माचे म्हणवत नाहीत. २००७ मध्ये ते १६ टक्के होते. काँग्रेसमध्ये असं उघडपणे सांगणारे एक टक्काही नाहीत. मायकेल हाउट आणि क्लॉड फिशर या समाजशास्त्रज्ञांनी २००२ मध्येच मांडलं होतं की, लोक चर्चपासून तुटताहेत त्याचं एक कारण हे राजकारणच आहे. लेलँडला याचीच भीती होती: सरकारच्या कुबडीने धर्म लंगडा होतो.

एक गोष्ट मी स्वतःला सतत बजावतो. धर्म राजकारणात आला की वाईटच होतं, असं मी म्हणू शकत नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, काळ्या गुलामांना मुक्त केल्याबद्दल. त्या लोकांतले कितीतरी बायबल हातात घेऊनच लढले होते. सावित्रीबाई नगरला शिकवण्याचे धडे घ्यायला गेल्या त्या सिंथिया फॅरार या अमेरिकन मिशनरी बाईंकडे. किंग तर स्वतः बाप्टिस्ट. फरक मला इतकाच दिसतो: किंग यांनी श्रद्धेच्या बळावर न्याय मागितला, आणि तो न मानणाऱ्यालाही पटेल अशा भाषेत मागितला. सरकारने वर्गात माझे श्लोक लावावेत असं त्यांनी म्हटलं नाही.

आमच्या शेजारी एक आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या, जन्माच्या बाप्टिस्ट. दरवर्षी आरतीला येतात, मागे खुर्चीवर बसतात, मोदक घरी घेऊन जातात. अनंत चतुर्दशीला बायकोने त्यांना तक्त्याचं आणि मुलीच्या प्रश्नाचं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “त्या आज्ञा मला पाठ आहेत. माझ्या आईने शिकवल्या, स्वयंपाकघरात. सरकारने नाही.” टेक्सासमध्ये या कायद्याविरुद्ध गेलेल्या कुटुंबांत ज्यू आहेत, हिंदू आहेत, काहीच न मानणारे आहेत आणि ख्रिस्ती धर्मोपदेशकही आहेत, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते आधीच माहीत होतं.

गॅरेजमध्ये मोठ्या टबात विसर्जन झालं. माती विरघळायला दोन दिवस लागले. त्या मंगळवारी संध्याकाळी आम्ही शाळा मंडळाच्या बैठकीला गेलो. बोलणाऱ्यांच्या यादीत आजींचं नाव माझ्या वर होतं; प्रत्येकाला तीन मिनिटं. डॅनबरीच्या पत्रातली ती मेहेरबानीची ओळ त्यांनी घरून एका कार्डावर उतरवून आणली होती. चष्मा सापडेना, म्हणून माझ्या मुलीने ती वाचून दाखवली.